घोडीचं बारसं

बडोद्याच्या पाच मित्रांनी भागीदारीत एक फिली, म्हणजे शर्यतीची तरुण घोडी, घेतली आहे. तिघे मराठी, दोघे गुजराती. रंगानं तांबूस, कपाळावर पांढरा टिळा, अजून दोन वर्षांचीही नाही. आता तिचं नाव नोंदवायचं आहे आणि पाच जणांची पाच तोंडं. त्यांच्यातल्या एकानं मला विचारलंय की नियम काय असतात, मराठी नाव चालतं का, आणि नाव ऐकून स्टँडमधले लोक हसले तर ते चांगलं की वाईट. सोबत चार नावांची यादी आहे: 'वार', 'घोडनवरी', एका भागीदाराच्या आजोबांचं नाव, आणि शेवटी कंसात 'हे आपलं गमतीनं' असं लिहून 'सेवउसळ'.

मी चौतीस वर्षं पुण्याजवळच्या एका स्टड फार्मच्या, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते तिथल्या, ऑफिसात काढली. शिंगरू जन्मलं की त्याचा रंग, भोवरे, पांढऱ्या खुणा टिपून ठेवायच्या, कागद पुढे पाठवायचे आणि वर्ष-दीड वर्षानं मालकाच्या मागे लागायचं की साहेब, नाव सांगा. तोवर ते शिंगरू 'अमुक घोडीची फिली' एवढ्याच ओळखीवर वाढतं. मालक महिनोन्‌महिने विचार करतात आणि शेवटच्या दिवशी फोनवर काहीतरी सांगून मोकळे होतात. तुम्ही आधी विचारताय, म्हणजे निम्मं काम झालं.

नियमांचं आधी उरकून टाकू. आपल्या देशातल्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातिवंत, घोड्यांची नोंद पुण्यात, स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे होते. नाव रोमन लिपीत द्यायचं आणि ते अठरा अक्षरांच्या आत बसवायचं. मोकळी जागाही अक्षर म्हणून मोजतात. ही अठराची मर्यादा जगभरच्या स्टड बुकांत, म्हणजे घोड्यांच्या वंशनोंदवह्यांत, पाळली जाते. हयात प्रसिद्ध माणसाचं नाव त्याच्या परवानगीशिवाय नको, जाहिरात वाटेल असं नको, अश्लील किंवा कुणाच्या धर्मावर-जातीवर घसरणारं नको, नुसती आद्याक्षरं नकोत, आकडे नकोत. थोर घोड्यांची नावं राखून ठेवलेली असतात, ती पुन्हा मिळत नाहीत आणि त्यांच्यासारखी ऐकू येणारीही मिळत नाहीत. मराठी नाव अर्थातच चालतं. अर्जात पसंतीच्या क्रमानं एकाहून जास्त नावं द्या, कारण तुम्हाला सुचलेलं नाव आधी दुसऱ्या कुणाला सुचलेलं असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून फार मोठी असते.

अठरा अक्षरांचा जाच माणसाला कुठवर नेतो ते बघा. २०१० साली अमेरिकेत मॉनमाउथ पार्कच्या मैदानावर एकाच शर्यतीत दोन घोडे उतरले. एकाच्या नावाचा अर्थ 'माझ्या बायकोला सगळं माहीत आहे' आणि दुसऱ्याच्या नावाचा 'बायकोला माहीत नाही'. पहिलं नाव सरळ लिहिलं तर अठरात बसेना, म्हणून मालकानं सगळे शब्द एकमेकांना चिकटवले, 'नोज'चं स्पेलिंग 'एन-ओ-एस' केलं, 'एव्हरीथिंग'मधला एक स्वर खाल्ला, आणि मोजून अठरा अक्षरांत बसवलं. दुसरं सतरात बसलं. आता या दोघांनी शेवटच्या वळणानंतर पुढे यावं आणि बाकीच्यांना मागे टाकून एकमेकांशी झुंजावं, हे कुणी लिहून ठरवलं असतं तर खोटं वाटलं असतं. पण तसं झालं. कॉमेंटेटरला शेवटचे काही सेकंद 'बायकोला माहीत आहे, बायकोला माहीत नाही' एवढंच ओरडत राहावं लागलं. जिंकली अर्थात सगळं माहीत असलेली.

या किश्श्यातली गंमत मला त्या दोन नावांपेक्षा कॉमेंटेटरच्या अडचणीत जास्त वाटते. घोड्याचं नाव मालक ठेवतो, पण ते उच्चारतो तिसराच माणूस. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळणारे दहा-बारा घोडे, सव्वा मिनिटाच्या आत आटपणारी बाराशे मीटरची शर्यत, आणि त्यात एका दमात सगळी नावं. आपल्या बारशात आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते. घोड्याची आत्या म्हणजे हा कॉमेंटेटर. त्यानं जे नाव उच्चारलं ते घोड्याचं खरं नाव, तुमच्या अर्जावर काहीही असो.

आणि आपल्याकडे ही आत्या इंग्रजी बोलते. मराठी नावांचे सगळे घोळ इथून सुरू होतात. रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, 'द' आणि 'ड' वेगळे नाहीत, 'ध' आणि 'ढ' तर नाहीतच. एका जुन्या सरदार घराण्यातल्या मालकांना आपल्या गावच्या गढीचा फार अभिमान. फिलीचं नाव 'गढी' ठेवायचं असा त्यांचा हट्ट. मी स्पेलिंग कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, आता हे तुमच्या हिंदी बोलणाऱ्या साईसाला, घोडा सांभाळणाऱ्याला, वाचायला द्या. त्यानं वाचलं, 'गधी'. मालक दोन मिनिटं गप्प बसले आणि मग स्वतःच हसायला लागले. ती फिली पुढे एका नदीच्या नावानं पळाली.

माझी स्वतःची चूकही सांगतो, कारण ती जास्त शिकवणारी आहे. थरोब्रेडच्या नावात जुना शौक असा की बाप आणि आई या दोघांच्या नावांतून काहीतरी तिसरं काढायचं. 'रेड रम' हा इंग्लंडात गाजलेला घोडा, १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल ही शर्यत जिंकलेला. आई 'मारेड', बाप 'कोरम'. दोघांच्या नावांची रोमनमधली शेवटची तीन-तीन अक्षरं जोडली की 'रेड रम'. उलटं वाचलं तर इंग्रजीत 'मर्डर' होतं, ते वर फुकट. 'सीबिस्किट'चा बाप 'हार्ड टॅक', म्हणजे खलाशी समुद्रावर खातात ते कडक बिस्किट. मुलगा त्याच अर्थाचा, फक्त शब्द वेगळा. मला हे फार आवडायचं. आमच्याकडे एकदा एका फिलीचा बाप होता 'वळीव' आणि आई 'अंगण'. मी नाव सुचवलं 'पागोळी'. वळीव अंगणात पडला की पागोळ्या गळणारच. सगळ्यांनी वाहवा केली, मालकीणबाईंनी मला पेढे दिले. पहिल्या शर्यतीत कॉमेंटेटर म्हणाला 'पगोली'. दुसऱ्या शर्यतीपर्यंत मैदानाच्या कठड्याजवळचे लोक 'चल पगली' ओरडायला लागले होते, आणि तिसऱ्या शर्यतीत ती स्टार्टिंग गेटमध्ये अशी काही वागली की पुन्हा तिला 'पागोळी' कुणीच म्हणालं नाही. माझी कविता कागदावरच राहिली.

तेव्हापासून मी एक कसोटी ठेवली. पावसाळ्यात संध्याकाळी ऑफिसात चहा व्हायचा तेव्हा आम्ही खोटी कॉमेंट्री खेळायचो. सुचलेलं नाव एका माणसाला द्यायचं आणि त्यानं त्या नावाच्या घोड्याची शर्यत मोठ्यानं सांगायची, आधी जिंकतानाची, मग हरतानाची. हरतानाची कॉमेंट्री महत्त्वाची. बहुतेक घोडे बहुतेक शर्यती हरतात, हे नाव ठेवताना मालकाच्या कधीच लक्षात नसतं. 'विद्युल्लता', 'वायुवेग', 'अजिंक्य' अशी नावं जिंकताना कुणाच्या लक्षात येत नाहीत आणि हरताना सगळ्यांच्या येतात. 'अजिंक्य शेवटून दुसरा' हे वाक्य ऐकून ज्या मालकाचा चेहरा मी पाहिलाय, त्यानंतर मी कुणाला असं नाव सुचवलं नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

उलट काही नावं दोन्हीकडून चालतात. आमच्या खेळातली, कधीच न नोंदवलेली, पण माझी लाडकी काही सांगतो. 'महागाई': महागाई सुटलीय, महागाई कुणालाच आवरत नाही. 'उधारी': उधारी मागून वाढत येतेय, उधारीनं सगळ्यांना गाठलं. 'पगार': पगार सुरुवातीला जोरात होता, निम्म्यावरच संपला. 'जावईबापू': बाकी सगळे सुटले, जावईबापू जागचे हलायला तयार नाहीत. आणि 'सासूबाई', ज्यात पुढे असल्या तरी पंचाईत आणि मागे असल्या तरी पंचाईत. या नावांत घोडा हरला तरी मालकाची अब्रू जात नाही. उलट स्टँडमधला अनोळखी माणूसही हसून तुमच्याकडे बघतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. लोक नावाबरोबर हसले तर उत्तम. नावाला हसले तर मात्र ते घोड्याची कारकीर्द संपेपर्यंत पाठ सोडत नाही.

आता तुमची यादी.

'वार'. तुमच्या डोळ्यांपुढे तलवार आली असणार. तुमच्या दोन गुजराती भागीदारांना विचारलंत का? गुजरातीत 'वार' म्हणजे उशीर. 'हजी वार छे' असं रोज म्हणणाऱ्या गावात तुम्ही शर्यतीच्या घोडीचं नाव 'उशीर' ठेवताय. बडोद्यात राहून हे तुमच्या लक्षात आलं नाही याचं मला नवल वाटलं. आपण दोन्ही भाषा इतक्या सराईतपणे बोलतो की कधी कुठली बोलतोय हेच कळत नाही. असंच एका उत्तरेकडच्या मालकांना 'चेष्टा' सुचलं होतं, त्यांच्या हिंदीत त्याचा अर्थ प्रयत्न. पुण्याच्या मैदानावर त्या घोडीची काय चेष्टा झाली असती ते मी त्यांना कसंबसं समजावलं. आपल्याकडे घोड्याचं नाव निदान तीन भाषांत म्हणून बघावं.

आजोबांचं नाव. इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण हा बडोद्याचा घरचा विषय आहे.

१९४५ साली बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांनी इंग्लंडमध्ये एक शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतलं. तोवर ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या शिंगराला एवढी किंमत कुणी दिली नव्हती. त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकलेल्या 'डांटे'चा तो सख्खा भाऊ. महाराजांनी त्याचं नाव आपल्या आजोबांवरून 'सयाजीराव' ठेवलं. रोमन लिपीत नऊ अक्षरं, म्हणजे मर्यादेच्या बरोबर निम्मी. तो १९४७ मध्ये आयरिश डर्बी जिंकला. ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला आणि सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरच्या मैदानावर या घोड्यानं सेंट लेजर जिंकली, वर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. इंग्रजांच्या सर्वांत जुन्या क्लासिक शर्यतीत, त्या महिन्यात, इंग्रज प्रेक्षक 'सयाजीराव' म्हणून ओरडत होते. कसा उच्चार केला असेल देव जाणे, पण केला. शेजारच्या राजपीपळ्याच्या महाराजांनी १९३४ साली एप्समला इंग्लंडची डर्बी जिंकली तेव्हा त्यांच्या घोड्याचं नाव होतं 'विंडसर लॅड', विंडसरचा पोरगा. ओल्ड विंडसरला त्यांचं घर होतं, त्यामुळे नाव तिथल्या लोकांच्या तोंडात सहज बसलं. आपल्या महाराजांनी मात्र इंग्रजांनाच जीभ वळवायला लावली. माझे वडील हा किस्सा सांगताना नेहमी इथे थांबून सुपारी कातरायचे.

आजोबांचं नाव नातवाला द्यायची आपल्यात रीतच आहे. इथे नातवानं ते घोड्याला दिलं, एवढाच फरक. पण त्या रीतीतच एक शहाणपण आहे जे लोक विसरतात. थोरल्यांचं नाव ठेवलेल्या पोराला घरात कुणी त्या नावानं हाक मारत नाही. सासऱ्यांचं नाव घेऊन सून पोराला रागावणार कशी? म्हणून पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं. पागेतही हेच चालतं. शर्यतीच्या प्रत्येक घोड्याला साईसनं दिलेलं एक नाव असतं, आणि घोडा कान टवकारतो तो त्या नावाला. तुमचे भागीदार आजोबांचं नाव ठेवणारच असतील तर एवढा विचार करा: पहाटे साईस त्या नावाला शिव्या घालेल, जनावरांचे डॉक्टर त्या नावापुढे 'जुलाब' असं लिहितील, आणि 'आजोबा आठव्या नंबरवर' हे वाक्य घरी कधी ना कधी पोचेल. शिवाय तुमची फिली आहे. आजीचं नाव काढा, मग बोलू.

नाव बदलणं अशुभ, असं तुमच्यातला एक जण म्हणतो म्हणे. पुष्कळ जुने लोक मानतात. मी मानत नाही, आणि उदाहरण पुन्हा बडोद्याचंच देतो. प्रतापसिंहरावांचा दुसरा एक घोडा आधी 'लेरँ' नावानं नोंदलेला होता. त्याचं नाव बदलून 'माय बाबू' केलं आणि १९४८ साली त्यानं टू थाउजंड गिनीज जिंकली. त्याच्या मुलानं, 'अवर बाबू'नं, १९५५ मध्ये तीच शर्यत जिंकली. माझा बाबू होता तो पुढच्या पिढीत आपला बाबू झाला. लहानपणी मला 'माय बाबू' म्हणजे आई आणि बाबू असंच वाटायचं, आणि इंग्रज लोक घोड्यालाही 'माय' म्हणतात याचं कौतुक वाटायचं. तर बदलल्यानं अपशकुन होत नाही. कटकट मात्र होते: शर्यतीच्या कार्डावर नव्या नावाच्या मागे 'पूर्वीची अमुक' असं शेपूट लागतं, आणि लोक शेपूटच वाचतात.

'घोडनवरी'. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. रोमनमध्ये दहा अक्षरांत बसतं. पण घोडीचं आयुष्य शर्यतीवर संपत नाही. पळायचं थांबली की ती स्टड फार्मवर जाते, तिला शिंगरं होतात, आणि तिचं नाव त्यांच्या वंशावळीत, विक्रीच्या कॅटलॉगात, नातवंडा-पतवंडांपर्यंत छापलं जातं. 'घोडनवरीची तिसरी मुलगी' हे वाक्य तुम्हाला मजेशीर वाटतंय, ते मला दिसतंय. पण हा विनोद एका शब्दाचा आहे, तोही मराठीतच कळणारा, आणि लग्न लांबलेल्या मुलींना टोचणारा. दुसऱ्या शर्यतीला तो शिळा होईल, नाव मात्र वीस वर्षं चालेल.

नाव किती चालतं याचा आमच्या धंद्यातला एक जुना दाखला १७७३ सालचा आहे. इंग्लंडात एका शिंगराचं नाव ठरलं 'पोटेटोज', बटाटे. तबेल्यातल्या पोराला ते दाण्याच्या पेटीवर लिहायला सांगितलं. त्यानं म्हणे ऐकलं तसं लिहिलं: 'पॉट' आणि पुढे आठ वेळा 'ओ'. पॉट-एट-ओज. मालक असलेल्या अर्लसाहेबांना ते इतकं आवडलं की तेच नाव कायम झालं. आज जगात पळणाऱ्या बहुसंख्य थरोब्रेडांची बापाकडची वंशावळ मागे मागे नेली तर या बटाट्यापाशी पोचते. अर्ज भरणाऱ्या आम्हा कारकुनांचं हे कुलदैवतच म्हणायचं. याच्या उलट आमच्याकडचा 'कुलदीपक'. मालकांनी मोठ्या हौसेनं नाव ठेवलं. पोरगा इतका आडदांड निघाला की तिसऱ्या वर्षी त्याला खच्ची करावं लागलं. पुढे पाच वर्षं तो 'कुलदीपक' म्हणूनच पळला, चांगला पळला, आणि दरवेळी पॅडॉकमध्ये, शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, कुणीतरी ते नाव वाचून त्याच्या पोटाखाली बघायचंच.

राहिली 'सेवउसळ'. तुम्ही ती कंसात टाकलीत, मला मात्र यादीतलं तेवढंच नाव खरं वाटलं. एक तर ते बडोद्याचं आहे आणि त्यावर मराठी-गुजराती भांडण नाही. आठवड्यातून एकदा तुम्ही पाचही जण एकाच गाडीपाशी उभे राहून पाव बुडवत असणार, भागीदारीही बहुधा तिथेच ठरली असेल. दुसरं, तुमची घोडी तांबूस, म्हणजे वरच्या तरीचाच रंग. तिसरी गोष्ट तुमच्या ध्यानात आलेली दिसत नाही. स्पेलिंग दोन शब्दांत करा: एस-ई-व्ही, मग जागा, मग यू-एस-ए-एल. जागा धरून आठ. आता हे मुंबईच्या किंवा बंगळूरच्या इंग्रजी बोलणाऱ्या कॉमेंटेटरच्या तोंडून ऐका. तो म्हणणार, 'सेव्ह अस ऑल'. वाचव रे बाबा आम्हा सगळ्यांना! ज्यांनी घोडीवर पैसे लावलेत त्यांची तीच प्रार्थना चाललेली असणार. एका नावात बडोदेकरांना न्याहारी ऐकू येईल आणि बाकीच्यांना देवाचा धावा. असं नाव ठरवून सुचत नाही, ते सापडावं लागतं.

मी काल रात्री त्याची खोटी कॉमेंट्री करून बघितली. जिंकतानाची तर सोपीच, कानामागून आली आणि तिखट झाली. हरतानाचीही जमली: सेवउसळ आज जरा थंड पडलेली दिसते. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती, कुणाशी बोलताय.

तेव्हा अर्जात पहिलं नाव हे घाला, स्पेलिंग दोन शब्दांतच ठेवा, आणि कॉमेंटेटर काही म्हणाला तरी त्याला दुरुस्त करायला जाऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीला आजीचं नाव आणि अजून एखादं साधं नाव द्या, कारण ऑफिसातून नकार आला तर घाईत सुचलेलं नाव गळ्यात पडतं. साईसला हाकेसाठी 'तरी' सांगून बघा. दोन अक्षरी आहे, लांबून हाक मारता येते. आणि नोंदणीचं पत्र आलं की स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून तपासा. पहिल्या शर्यतीचं कार्ड छापून आलं की मलाही एक पाठवा. मी आता बडोद्यातच रेसकोर्स सर्कलजवळ राहतो, जिथे आता घोडा सोडून सगळं मिळतं.